नाणी सापडली नसती तर

चित्रपट संपला, पडद्यावर नावं वर सरकू लागली आणि सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या लेकीने विचारलं, "बाबा, ती नाणी सापडली नसती तर?"

मी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला होता, तो हातात तसाच राहिला. ती तेरा वर्षांची आहे. आमच्या घरी आली तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. संस्थेच्या पायऱ्या, तिच्या अंगातला पिवळा फ्रॉक, परतीच्या वाटेवर एसटी स्टँडवर खाल्लेलं केळं, ही सगळी तिची स्वतःची गोष्ट आहे. ती तिला कळत्या वयापासून माहीत आहे आणि मनात आलं की मैत्रिणींनाही ती सांगते. त्यामुळे प्रश्नात काही दुखलं-खुपलं नव्हतं. गोष्टीत एक फट राहिली होती, ती तिच्या नजरेने टिपली, एवढंच. मला मात्र तो प्रश्न अजून सोडत नाही.

चित्रपटाचं नाव 'अ सिम्पल ट्विस्ट ऑफ फेट', १९९४ सालचा. स्टीव्ह मार्टिन हा अमेरिकेतला गाजलेला विनोदी नट. त्याने याची पटकथा स्वतः लिहिली, मुख्य भूमिका स्वतः केली आणि दिग्दर्शन गिलीज मॅकिनन या स्कॉटिश दिग्दर्शकाकडे होतं. तिकीटबारीवर तो चालला नाही. आज फारसा कुणाला आठवतही नाही. मला तो दाखवायचा होता कारण तो जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर'वर आधारलेला आहे, आणि 'सायलस मार्नर' हे माझ्या आयुष्यातलं पुस्तक आहे.

कॉलेजात इंग्रजीच्या पेपराला ही कादंबरी होती. मूळ पुस्तक बाजूला ठेवून गाईड वाचायचं, असा आमच्या वर्गाचा रिवाज. मी मूळ वाचलं ते केवळ नायक विणकर होता म्हणून. मी इचलकरंजीचा. आजोबा हातमागावर बसायचे. पुढे घरात यंत्रमाग आले आणि आमचं सगळं लहानपण त्या खडखडाटात गेलं. रात्री वीज जाऊन माग थांबले की आम्हा पोरांना जाग यायची. शांततेने झोपमोड होणारी माणसं आम्ही. कांड्या भरणं, तुटलेला धागा जोडणं, धोटा अडकला की वडिलांना हाक मारणं, ही आमची कामं. म्हणून रॅव्हलो गावाच्या कडेला, दगडाच्या जुन्या खाणीजवळ एकटा राहणारा, मागावर वाकून वाकून पाठीत बाक आलेला, जवळचं नीट दिसणारा आणि लांबचं धूसर दिसणारा सायलस मला पहिल्या पानापासून ओळखीचा वाटला. असा माणूस मी आमच्याच गल्लीत पाहिला होता.

सायलस मूळचा उत्तरेकडच्या एका शहरातला. तिथे लँटर्न यार्ड नावाच्या बोळात एका छोट्या पंथाचं प्रार्थनागृह होतं, आणि त्या मंडळींत त्याला मान होता. मरणाला टेकलेल्या एका वडीलधाऱ्याच्या उशाशी तो रात्रभर बसला असताना तिथली पंथाची पैशांची पिशवी गेली. सायलसचा खिशातला चाकू तिथे सापडला. चोरी त्याच्या जिवलग मित्राची, आळ याच्यावर. मंडळींनी देवाचा कौल लावला, चिठ्ठ्या टाकल्या, आणि चिठ्ठीने याला चोर ठरवलं. ठरलेलं लग्न मोडलं, ती मुलगी त्याच मित्राची बायको झाली. सायलसचा देवावरचा विश्वास त्या दिवशी संपला. तो रॅव्हलोला आला आणि पंधरा वर्षं विणत राहिला. विणायचं, मोहरा घ्यायच्या, रात्री दाराला अडसर घालून त्या मोजायच्या आणि मागाखालच्या विटा उचलून परत ठेवून द्यायच्या. एवढंच.

एवढंच असं मी लिहिलं खरं, पण एलियटबाईंनी त्या कोरड्या वर्षांतही एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. सायलसकडे पाणी आणायचं मातीचं तपकिरी भांडं होतं. बारा वर्षांची सोबत. एक दिवस ठेच लागून ते दगडावर पडलं आणि फुटलं. आता त्याचा उपयोग नाही हे कळत असूनही त्याने तुकडे गोळा केले, एकाला एक लावून उभे केले आणि नेहमीच्या जागी ठेवून दिले. फुटका माठ घराबाहेर टाकणाऱ्या आपल्या घरांत वाढलेल्या मला हे वाचून गलबलून आलं होतं. या माणसाच्या हातांना जपण्याची सवय आहे, जपायला फक्त कुणी नाही, हे त्या एका प्रसंगात आलं.

मग चोरी होते. गावच्या जमीनदाराचा दुसरा मुलगा डन्स्टन कॅस त्या मोहरा घेऊन अंधारात नाहीसा होतो. आणि काही आठवड्यांनी, वर्षाच्या शेवटच्या रात्री, बर्फात, सायलसच्या दारात एक लहान मूल येतं. सायलसला अधूनमधून अंग ताठ होऊन भान हरपण्याचा झटका येई. तसा तो उघड्या दाराशी उभ्याउभ्या थिजलेला असताना, उजेडाच्या दिशेने रांगत-चालत ती पोर त्याच्या पायाशेजारून आत गेली आणि चुलीपुढे झोपली. भानावर आल्यावर त्याच्या अधू नजरेला चुलीपुढे सोनं दिसलं. हात लावला तर बोटांना मऊ, ऊबदार कुरळे केस लागले.

सगळे समीक्षक इथे थांबतात, सोन्याच्या जागी मूल आलं म्हणून. मी थांबतो त्याच्या पुढच्या पानावर. ती जागी होऊन रडते. तो लापशी देतो, स्वतःसाठी कधी न वापरलेली तपकिरी साखर तिच्यात घालतो. ती चालायला बघते, पडते, बसकण मारते आणि रडत रडत पायातले बूट ओढू लागते. या एकट्या माणसाला काही केल्या कळत नाही तिला काय होतंय. बऱ्याच वेळाने उमगतं की बूट ओले आहेत. तो ते काढतो. ती आपल्या पायाच्या बोटांकडे बघून खुशीत हसते. आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात येतं की बूट ओले आहेत म्हणजे ही बर्फातून चालत आली. तो तिला उचलून बाहेर पडतो, छोट्या पावलांच्या खुणा बघत जातो आणि एका काटेरी झुडपाशी त्याला तिची आई सापडते, अर्धी बर्फाखाली गेलेली. अफूच्या व्यसनात पुरती बुडालेली मॉली. गॉडफ्री कॅस या जमीनदाराच्या थोरल्या मुलाने चोरून केलेली बायको.

आमच्या लेकीची पहिली रात्र मला या पानामुळे आठवते, की त्या रात्रीमुळे हे पान, आता सांगता येत नाही. ती दोन वाजेपर्यंत रडत होती. दूध झालं, खांद्यावर घेऊन फिरून झालं, पंखा लावून-बंद करून झाला. आमच्या आईने दृष्टसुद्धा काढली. आम्हाला वाटत होतं, नवी माणसं, नवं घर, संस्थेतल्या ताईंची आठवण, असं काही मोठं दुःख असणार. शेवटी बायकोने तिचा फ्रॉक बदलायला घेतला तर बाहीच्या इलॅस्टिकने दंडावर लाल वळ उठवलेला. फ्रॉक तिला लहान झाला होता. तो काढला, वळावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि पाचव्या मिनिटाला ती झोपली. आम्ही दोघं दंडावरच्या त्या वळाकडे बघत बसलो. पुढे मी बाप झालो त्या तारखेबद्दल कुणी विचारलं की कोर्टाच्या हुकुमावरची तारीख सांगतो, पण मनातली वेळ रात्री दोनची असते.

स्टीव्ह मार्टिनने ही कथा उचलून विसाव्या शतकाच्या अखेरीच्या व्हर्जिनियात ठेवली. विणकराचा झाला फर्निचर करणारा कारागीर, मायकल मॅकॅन. मोहरांची झाली सोन्याच्या नाण्यांची जमवाजमव. अफूच्या जागी हेरॉइन आलं, बर्फातून चालत येणाऱ्या बाईऐवजी बर्फात बंद पडलेली गाडी आली, आणि जमीनदाराच्या मुलाचा झाला राजकारणी, जॉन न्यूलँड. गॅब्रिएल बर्नने हे काम फार संयमाने केलं आहे. त्याचा राग येत नाही, त्याची भीती वाटते. पोरीचं नाव इथे मटिल्डा. हे सगळे बदल कुणीही हुशार लेखक करील असेच आहेत. पण एक बदल मात्र मला अस्सल वाटतो, आणि त्यासाठी मी मार्टिनला मनापासून दाद देतो. मॅकॅन एकलकोंडा का झाला? त्याच्यावर चोरीचा आळ नाही. तो शाळेत संगीत शिकवत असतो, बायकोला दिवस गेलेले असतात, आणि त्याला कळतं की ते मूल त्याच्या जिवलग मित्राचं आहे. तो घर सोडतो. म्हणजे रक्ताचं नाही म्हणून ज्याने एका मुलाकडे पाठ फिरवली, तोच माणूस पुढे रक्ताच्या नसलेल्या मुलीसाठी कोर्टाची पायरी चढतो. एलियटच्या कादंबरीत हे नाही. तरी तिच्या मांडीवरचंच आहे.

कारण जॉर्ज एलियटच्या, म्हणजे मेरी ॲन इव्हान्सच्या, घरात नेमकं हेच घडून गेलं होतं. ज्या जॉर्ज हेन्री लुईसबरोबर ती १८५४पासून राहत होती, त्याच्या लग्नाच्या बायकोला त्याच्याच मित्रापासून मूल झालं, तेव्हा लुईसने जन्मनोंदीत बाप म्हणून स्वतःचं नाव लागू दिलं. त्या उदारपणाची किंमत मोठी होती. व्यभिचाराला संमती दिली असा त्याचा कायदेशीर अर्थ झाला, आणि घटस्फोटाचा रस्ता बंद झाला. एलियट आणि लुईस यांचं लग्न कधीच होऊ शकलं नाही. लुईसच्या तिन्ही मुलांची जबाबदारी मात्र तिने घेतली. थोरला चार्ल्स शिक्षण संपवून त्यांच्याकडे राहायला आला तो १८६० साली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या कादंबरीच्या तयारीत असताना, मध्येच ही विणकराची गोष्ट तिच्या मनात घुसली. लहानपणी पाठीवर गाठोडं घेऊन जाणारा एक विणकर तिने पाहिला होता, त्या आठवणीतून. मुलं तिला जर्मन भाषेत आई म्हणत. तिच्या पोटी मूल नव्हतं. आपल्या नसलेल्या मुलांना आपलं म्हणण्यात रोजचं काय काय असतं, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येतो. चित्रपटात न्यूलँडला मटिल्डाचा लळा लागतो. त्याच्या संसारात मूल नाही. तो तिला घरी बोलावतो, घोड्यावर बसायला शिकवतो, घोडा भेट देतो आणि शेवटी कोर्टात दावा लावतो की ही माझी मुलगी आहे, माझ्या ताब्यात द्या. एका बाजूला वाडा, घोडे, शाळा, ओळखीपाळखी. दुसऱ्या बाजूला टेबलं-खुर्च्या करणारा एकटा माणूस. मॅकॅन हरणार हे दिसू लागतं. त्याच वेळी न्यूलँडच्या बांधकामासाठी जुन्या खाणीतलं पाणी उपसतात आणि तळाशी न्यूलँडच्या बेपत्ता भावाचा सांगाडा सापडतो, चोरलेल्या नाण्यांसकट. मॅकॅन पुन्हा श्रीमंत होतो. पारडं झुकतं. मटिल्डा त्याच्याकडे राहते. आणि आपण डोळे पुसतो.

मी पुसले होते. लेक पुसत नव्हती, ती हिशेब करत होती. नाणी सापडली नसती तर?

कादंबरीतही खाण आटते, सोळा वर्षांनी. डन्स्टनचा सांगाडा आणि मोहरा तिथेही सापडतात. पण एलियटने काय केलं आहे ते पाहा. मोहरा आधी घरी येतात. त्या रात्री सायलस आणि आता अठरा वर्षांची झालेली ती पोर, एपी, समोरासमोर बसले आहेत, मध्ये टेबलावर दोनशे बहात्तर पौंड, बारा शिलिंग आणि सहा पेन्सची रक्कम चळती लावून ठेवली आहे, आणि तेव्हा दारावर थाप पडते. गॉडफ्री आणि त्याची बायको नॅन्सी एपीला मागायला आले आहेत. सोनं डोळ्यांपुढे आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. तुझ्याकडे आहे त्यात फार दिवस भागणार नाही, असं गॉडफ्री त्याला बोलूनही दाखवतो. हा माझा हक्क आहे म्हणतो. सायलस विचारतो, मग सोळा वर्षांपूर्वी हे का नाही बोललात, मला ती जिवापलीकडे झाल्यावर तिच्यावर हक्क सांगायला आलात. आणि एवढं बोलून झाल्यावर तो बाजूला होतो. निर्णय तिच्यावर सोडतो. मी तुझ्या आड येणार नाही, म्हणतो. एपी त्याचा हात धरते आणि पाहुण्यांना नाही म्हणते.

इथे न्यायाधीश नाही. ते चुकून राहिलेलं नाही, असं मला वाटतं. ज्या बाईने कादंबरीच्या आरंभी लँटर्न यार्डचं न्यायासन दाखवलं, देवाच्या नावाने टाकलेली चिठ्ठी निरपराध माणसाला चोर ठरवते हे दाखवलं, ती शेवटी पुन्हा कुणा पंचाच्या हाती सायलसचा जीव देणार नव्हती. मार्टिनने आरंभीची चिठ्ठी काढून टाकली आणि शेवटी कोर्ट आणलं. त्या कोर्टात जे घडतं तीही चिठ्ठीच आहे. या वेळी ती आपल्या माणसाच्या बाजूने पडली, म्हणून आपल्याला ती न्यायासारखी वाटते.

त्याला दोष देऊन मोकळं होणं मात्र मला जमत नाही. त्याचा चित्रपट आला १९९४ साली. आदल्याच वर्षी अमेरिकेत एका अडीच वर्षांच्या मुलीला, तिला जन्मापासून सांभाळणाऱ्या मिशिगनमधल्या दांपत्याकडून काढून आयोवातल्या जन्मदात्या आईबापांकडे सोपवण्यात आलं होतं. गाडीत बसवलेल्या त्या रडत्या मुलीची चित्रं सगळ्या देशाने पाहिली. त्यानंतर अमेरिकेतला कुठला सायलस निव्वळ प्रेमाच्या भरवशावर दार उघडं ठेवील? आणि एलियटच्या काळात इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच नव्हता, तो आला १९२६ साली. सायलसच्या हातात एकही कागद नव्हता. एपी वयाने मोठी होती आणि गॉडफ्री मनाने अगदीच वाईट नव्हता, म्हणून निभावलं. गॉडफ्री एपी आठ वर्षांची असताना वकील घेऊन आला असता तर? कादंबरीतही फट आहे. ती झाकलेली आहे, एवढंच.

आणि कोर्टाने सोनं मोजलं म्हणून मी कुठल्या तोंडाने नाक मुरडू? आमचंही मोजलं होतं. संस्थेत नाव नोंदवल्यावर गृहभेटीला समाजसेविका आल्या. पगाराच्या स्लिपा, आयकराची कागदपत्रं, घराचा उतारा, दोघांचे आरोग्याचे दाखले, ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, गच्चीच्या कठड्याची उंची पाहिली. बोलल्या गोड, त्यांचं काम चोख होतं, आणि ते तसंच चोख असायला हवं हे मला तेव्हाही पटत होतं. तरी त्या गेल्यावर मी पगाराची स्लिप हातात घेऊन बराच वेळ बसलो. आमच्या गल्लीतला एखादा मागवाला, महिन्याला काय येईल याचा नेम नसलेला, पाठीत बाक आलेला, त्याच्याकडे ही स्लिप नसती. फुटक्या भांड्याचे तुकडे जोडून ठेवणारे हात कुठल्या रकान्यात लिहायचे?

सायलस किंवा मॅकॅन आज भारतात असते तर त्यांना तो रकाना भरायची वेळच आली नसती. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. हिंदू दत्तक कायद्याने घेता येते, पण दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचं अंतर लागतं. या बंदीमागची भीती खोटी नाही. मुलीचा बाप असलेल्या माणसाला ती भीती समजावून सांगावी लागत नाही. पण कायद्याची ही ओळ वाचताना प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे ओले बूट येतात, आणि ते काढणारी ती बावचळलेली बोटं.

आपल्याकडे 'दत्तक' हा शब्दच मुळात गादीसाठी आला आहे. सयाजीराव गायकवाड १८७५ साली दत्तक गेले, शाहू महाराज १८८४ साली. आमच्या कोल्हापूरकडे दत्तक म्हटलं की अजूनही वडीलधाऱ्यांच्या मनात वतन, वारस, पिंडदान येतं. घेणाऱ्याला वंश हवा असायचा, म्हणून शास्त्राने पाहिला तो मुलगाच. दत्तक मुलीला कायद्याने सरसकट जागा दिली ती १९५६ साली. आमची लेक घरी आली तेव्हा एका नातेवाइकाने अगदी आपुलकीने विचारलं होतं, "घ्यायचंच होतं तर मुलगा का नाही घेतला?" त्यांना दुखवायचं नव्हतं. शब्दाचा जुना अर्थ त्यांच्या तोंडून बोलत होता.

पण त्याच शब्दाला नवा अर्थ देणारी माणसंही इथेच झाली, आणि तीही एलियटच्याच काळात. 'सायलस मार्नर' १८६१चं. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी आपलं केलं, ते यशवंत. जोतीरावांना ना गादी चालवायची होती ना पिंडाची वाट पाहायची होती. १८९० साली ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं यावरून रक्ताच्या नातेवाइकांनी वाद घातला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. सावित्रीबाईंनी ते टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या. एपीने सायलसचा हात धरला त्या प्रसंगाशेजारी मी मनात हा प्रसंग ठेवतो.

हे सगळं मी लेकीला सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी तिला एवढंच म्हणालो की पुस्तकात नाण्यांवर काही अवलंबून नव्हतं, मुलीला विचारलं होतं. तिला ते आवडलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला, ज्याची मला अपेक्षा नव्हती. "मग त्या दुसऱ्या बाबांचं काय झालं?"

इतकी वर्षं मी सायलसच्या बाजूने उभा राहून ही कादंबरी वाचली. गॉडफ्रीकडे पाहिलंच तर रागाने. लेकीच्या प्रश्नानंतर पुन्हा पुस्तक काढलं आणि त्याच्या बाजूने वाचलं. वर्षाच्या शेवटच्या त्या रात्री मॉलीचं प्रेत तो ओळखतो आणि गप्प राहतो. पुढे नॅन्सीबरोबर संसार थाटतो, मूल होत नाही. एपीला दत्तक घेऊ या असं तो सुचवतो, खरी गोष्ट लपवूनच, आणि नॅन्सी ऐकत नाही, कारण देवाने नाकारलेलं आपण ओढून घेऊ नये असं तिला मनापासून वाटतं. स्वतःच्या मुलीला दत्तक मागणारा बाप. एपीने नकार दिल्यानंतर तो भांडत नाही. काही कर्जं पैशासारखी फेडता येत नाहीत, झाडं तर दरम्यान वाढत गेलेली असतात, अशा अर्थाचं काही बायकोजवळ बोलतो. एपीच्या लग्नाच्या दिवशी तो मुद्दाम परगावी निघून जातो. लग्नाच्या जेवणाचा खर्च मात्र त्याने उचललेला असतो. सायलसच्या झोपडीला जास्तीची जागा करून देतो, एपीला हवी होती त्याहून मोठी बाग होते, तीही त्याच्याच पैशाने. लग्न करून ती नवऱ्याला, एरनला, घेऊन सायलसच्याच घरी राहते. म्हणजे मुलगी ज्या अंगणात दुसऱ्या बापाबरोबर फिरणार ते अंगण त्याने बांधून दिलं, आणि तो तिथे नाही.

आमच्या लेकीला चार वर्षांची असताना श्वास लागायचा. डॉक्टर केसपेपर भरत होते. घरात कुणाला दमा? आईकडे? वडिलांकडे? पेन थांबलं. मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि पुढे गेले. त्या रेघेच्या जागी कुठे तरी एक माणूस आहे. कदाचित त्यालाही पावसाळ्यात धाप लागत असेल. मी त्याचा कधी राग केला, कधी त्याला विसरलो, आणि लेकीच्या हसण्यात आमच्या दोघांकडे नसलेली खळी पडते तेव्हा तो पुन्हा आठवतो. चित्रपटातल्या कोर्टात एक जिंकतो आणि दुसरा हरतो. कादंबरीत हरलेल्याला बागेपुरतं काम उरतं. मला आताशा ते काम फार मोलाचं वाटतं.

लेकीला मी त्या बागेचंच सांगितलं. म्हटलं, एपीला लहानपणापासून सगळं माहीत होतं, सायलसने तिच्या आईची लग्नातली अंगठी एका डबीत जपून ठेवली होती आणि मोठी झाल्यावर तिला दिली होती. ती डबी उघडून ती कितीदा तरी बघायची. आणि बाग करायची ठरली तेव्हा ती म्हणाली, आई ज्या झुडपाशी सापडली ते झुडूप आपण बागेत आणून लावू.

"काटेरी होतं ना ते?"

"हो."

"तरी?"

"तरी."

तिने थोडा वेळ पायाचा अंगठा दुसऱ्या पायाने दाबत विचार केला. मग विचारलं, "त्याला फुलं येतात?"

"येतात. भरपूर."

"कुठल्या रंगाची?"

"पिवळी," मी म्हणालो.